पुट्टीची ॲडमिशन

आमच्याकडे किस्से कोणी सांगत नाही, ते सांडतात! दुपारी मुलं घरी गेली, फरशीवरचे मुरमुरे झाडले, डबे उघडले, की कोणीतरी "अगं, आज काय झालं माहितीय का" असं सुरू करतं आणि भाजी तशीच राहते. कालचा किस्सा अर्धा असतो तोवर आजचा तयार. लिहून ठेवायचं ठरवलं होतं आम्ही. पण लिहायला बसलं की कोणीतरी रंगाच्या बाटलीत पाय घालतं, आणि तोही किस्साच होतो.

आमचं केंद्र म्हणजे सोलापुरात होटगी रोडच्या एका गल्लीत तळमजल्यावरच्या दोन खोल्या. ज्यांचं बोलणं, मिसळणं, खेळणं वयाप्रमाणे होत नाहीये अशा अगदी छोट्या मुलांची ही शाळा. मी वर्ग घेते. सबिहा स्पीच थेरपिस्ट, म्हणजे मुलांना बोलतं करणारी. आणि आम्हां दोघींवर मोठ्या मॅडम. त्या कमी बोलतात, पण बोलल्या की विषय संपतो.

सगळे किस्से सांगत बसले तर दिवस मावळेल. म्हणून आज एकाच पोरीचे सांगते.

*

जून महिन्यातल्या एका भर दुपारी एक जोडपं आलं. बसवराज आणि शिवलीला. तो अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे बिघडलेले लूम, कापडाचे माग, दुरुस्त करणारा. हातावरचा ग्रीसचा काळा डाग निघाला नव्हता म्हणून हात पाठीमागे धरून उभा. शिवलीलाच्या कडेवर साडेतीन वर्षांची भाग्यश्री, पुढे आमची भाग्या. वर फिरणाऱ्या पंख्याकडे एकटक बघत होती. आम्ही खुळखुळा वाजवला, टाळी वाजवली, सबिहानं मांजराचा आवाज काढला. पोरीनं आमच्याकडे ढुंकून पाहिलं नाही.

"अजून बोलंना झालीय," शिवलीला म्हणाली. "हाक मारली तरी बघत नाय."

आधी कुठे दाखवलं, म्हणून विचारलं, तर बसवराजनं सगळी यात्राच सांगितली. आधी घराजवळच्या इंग्लिश मीडियममध्ये इंटरव्ह्यूला नेलं. प्रिन्सिपल बाईंनी विचारलं, "व्हॉट इज युवर नेम?" भाग्यश्रीला टेबलावरची घंटी दिसली. तिनं ती दाबली. शिपाई आत आला. बाई म्हणाल्या, काही नाही, जा. तो गेला. हिनं परत दाबली. तो परत आला. शेवटी शिपाई दारातच उभा राहिला, तर ही रडायला लागली, की हा आता बाहेर का जात नाही!

"पोरीला काय येत नाय म्हणाल्या," बसवराज म्हणाला. "आवो, घंटी दाबली की माणूस येतो, हे तिनं एका मिंटात वळखलं की!"

तिथून त्यांना सांगितलं, स्पेशल शाळा बघा. एका स्पेशल शाळेत सांगितलं, सर्टिफिकेट आणा. डॉक्टरकडे गेले तर डॉक्टर म्हणाले, अजून लहान आहे, काय ते पक्कं सांगता येणार नाही, थांबा.

एवढं सांगून बसवराजनं हात पुढे आणले आणि जोडले. "मॅडम, साधी शाळा म्हणती ही स्पेशल हाय. स्पेशल शाळा म्हणती कागद आणा. डॉक्टर म्हणतेत अजून नाव देता येत नाय. माजी पोरगी हाय का न्हाय, येवढं तरी कुणीतरी सांगा!"

मी मोठ्या मॅडमकडे बघितलं. आमच्या ट्रस्टचाही तोच नियम होता. कागदावर निदान, मग प्रवेश. आणि वर्गात जागा एकच उरली होती, तिच्यासाठी आणखी पालक थांबलेले होते.

मोठ्या मॅडमनी चष्मा पुसला. म्हणाल्या, "उद्यापासून आणा. डबा कोरडा द्या. फ्रॉकला पाठीमागे बटणं नकोत, तिला स्वतः काढता आला पाहिजे."

ते गेल्यावर मी म्हटलं, "मॅडम, आणि कागद?"

"दिवाळीपर्यंत आणू. नाही आला तर ट्रस्ट तिला काढेल आणि मला बोलणी बसतील. तू वर्ग घे."

*

पहिली शंका कानांची. कानाची एक टेस्ट असते, ती मूल गाढ झोपेत असतानाच करतात. डोक्याला तारा लावतात, कानात आवाज सोडतात. मी त्यांच्याबरोबर गेले.

झोपेचं औषध पाजलं. इतर मुलं पेंगतात, ही नाचायला लागली! टेस्ट करणारा मुलगा म्हणाला, परवा या. परवाही तेच. मी विचारलं, "घरी कशी झोपते?"

शिवलीला लाजली. "आमच्या घराच्या भिंतीला लागून लूम हायती. लूम चालू असले तरच झोपती. लाईट गेली, लूम बंद पडले की उटून बसती."

बसवराज लगेच कारखान्यात गेला आणि मोबाईलवर लूमचा आवाज रेकॉर्ड करून आला. खटाक-पटाक, खटाक-पटाक! त्या एसी खोलीत तो आवाज सुरू केला आणि पोरगी आईच्या मांडीवर बघता बघता झोपली. आम्ही खूश! तारा लावल्या. टेस्टवाला म्हणाला, "आता तो आवाज बंद करा, टेस्टला शांतता लागते."

बंद केला. पोरगी टक्क जागी!

आवाज चालू ठेवला तर टेस्ट होत नाही, बंद केला तर झोप राहत नाही. टेस्टवाल्यानं कपाळाला हात लावला. म्हणाला, इतक्या वर्षांत असा पेशंट पाहिला नाही.

मग बसवराजनं मोबाईल हातात घेतला. परत आवाज सुरू केला. ती झोपल्यावर खाली बसून एकेक टिकली आवाज कमी करत गेला. एक कमी करायचा, पोरीच्या पापणीकडे बघायचं, मग पुढची. आम्ही सगळे श्वास धरून. मला तर शिंक येत होती, मी पदर तोंडात कोंबला. शेवटी आवाज पूर्ण बंद, पोरगी गाढ!

टेस्ट झाली. मशीनवरच्या रेघा बघून टेस्टवाला म्हणाला, "दोन्ही कान एकदम नॉर्मल!"

आम्ही इतक्या जोरात ओरडलो, की ती उठली.

रिक्षात मात्र शिवलीला म्हणाली, "टीचर, ऐकू येत न्हवतं असंच निघायला पायजे हुतं का? मशीन तरी लावलं असतं. ऐकू येतंय, मग मी हाक मारल्याली तिला काय वाटतं?"



*

उत्तर सबिहानं शोधलं, तेही अपघातानं. ती सकाळभर "भाग्यश्री! भाग्यश्री!" करून घसा बसवायची. पोरगी ढिम्म. एकदा न्यायला आलेली शिवलीला दारातनं सहज म्हणाली, "पुट्टी, बा इल्ली." पोरीची मान गर्रकन वळली!

सबिहा उडालीच. "ताई, ये क्या बोले तुम?"

शिवलीला घाबरली. चूक झाली म्हणाली. "बा इल्ली" म्हणजे इकडे ये, आणि "पुट्टी" म्हणजे कन्नडमध्ये छोटी, घरात सगळे तिला तेच म्हणायचे. पण कोणीतरी जाणत्या माणसानं त्यांना सांगितलं होतं, की दोन भाषांनी पोरीचा गोंधळ होतोय, कन्नड एकदम बंद करा. तेव्हापासून घरात तिच्याशी फक्त मराठी, तीही पुस्तकातली. दुधनी गावी तिचे आजोबा, सगळे त्यांना अज्जा म्हणतात, त्यांना असली पुस्तकी मराठी बोलता येत नसे. त्यांनी तर नातीशी फोनवर बोलणंच सोडून दिलं होतं.

सबिहानं कमरेवर हात ठेवले. "आमच्या घरात अम्मी दखनी बोलते, अब्बू मराठी, गल्लीत निम्मी तेलुगू. मी मुकी राहिले का? उलट गप्प बसत नाही म्हणून सगळ्यांची तक्रार आहे! आजपासून जी भाषा पोटातनं येते ती बोलायची."

आणि स्वतः कन्नड शिकायला लागली. पाणी म्हणजे नीरू, दूध म्हणजे हालू, जेवण म्हणजे ऊटा. पंधरवड्यानं तिचा नवरा मला रस्त्यात भेटला. म्हणाला, "टीचर, एक सांगा. काल मी जेवायला मागितलं तर बेगम म्हणाली, ऊटा म्हण, मग देते!"

*

कन्नडवरची बंदी उठली ही खबर दुधनीला पोचली आणि दोन दिवसांत अज्जा हजर! दुधनीला त्यांचं किराणा दुकान. पांढरं धोतर, कपाळाला विभूती, आणि आवाज असा, की आमची खिडकी थरथरली.

"आमच्या पोरीला येड्यांच्या साळंत घातलाय व्हय? आमच्या घरात समदेच उशिरा बोलतेत! मी सोता पाच वर्साचा हुईस्तवर बोललो नाय! चल पुट्टी, दुधनीला!"

शिवलीला रडायच्या बेतात. बसवराज वडिलांसमोर मान खाली घालून. मला वाटलं, संपलं. मोठ्या मॅडम बाहेर आल्या. म्हणाल्या, "न्या की. फक्त आत्ता गोल सुरू झालाय, मधनं उठवता येत नाही. तोवर बसा."

अज्जांना बसायला मुलांची छोटी लाल खुर्ची. धोतर सावरत कसेबसे बसले. गोल म्हणजे आमचा रोजचा खेळ. सगळ्यांनी गोल बसायचं, चेंडू एकाकडून दुसऱ्याकडे ढकलायचा. आपली पाळी येईपर्यंत थांबायचं, हा त्यातला धडा. आम्हाला तो शिकवायला महिने लागतात.

चेंडू घरंगळत अज्जांच्या पायाशी आला. त्यांनी उचलला आणि मांडीवर ठेवून बोलतच सुटले, की आमच्या वेळी असल्या शाळा नव्हत्या, पोरं आपोआप शिकायची, वगैरे. मुलं बघतायत. भाग्या चेंडूकडे बघतेय. अज्जा थांबत नाहीत.

आमच्याकडे अरमान नावाचा एक मुलगा आहे. दिवसभरात एकच वाक्य बोलतो, पण ते ठणठणीत. तो उठला, अज्जांसमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "तुझा टर्न संपला!"

अज्जा थबकले. त्यांच्या उभ्या आयुष्यात त्यांना कोणी असं सांगितलं नसणार! त्यांनी मुकाट्यानं चेंडू खाली ठेवला. कोणाकडे ढकलावा म्हणून बघत होते, तर भाग्यानं दोन्ही हात पुढे केले.

केले! स्वतःहून! जूनपासून आम्ही ह्याचीच वाट बघत होतो. मी सबिहाचा हात इतका दाबला की तिची बांगडी फुटली.

अज्जांनी चेंडू सोडला, तिनं धरला, आणि परत त्यांच्याकडेच ढकलला. मग असा खेळ रंगला की बाकीच्यांना चेंडू मिळेना. अरमाननं त्याच वाक्यानं आणखी दोनदा अज्जांना दटावलं.

डब्याची वेळ झाली तरी म्हातारा हलेना. शेवटी गुडघ्यावर हात देऊन उठले, उपरण्यानं तोंड पुसलं आणि मोठ्या मॅडमना विचारलं, "उद्या किती वाजता असती?"

*

आता शब्दाचा किस्सा.

श्रावणातली गोष्ट. सबिहा भाग्याला वाटीतला शिरा भरवत होती. एक घास, दोन घास. तिसऱ्याला पोरीनं तोंड फिरवलं आणि स्पष्ट काहीतरी बोलली. सबिहा पळत माझ्याकडे आली. डोळ्यांत पाणी, चेहऱ्यावर हसू, आणि राग पण!

"बोलली! बोलली गं! पण मला वेडा म्हणाली!"

"वेडा? तुला?"

"हां! माझ्या तोंडावर! वेडा!"

आम्ही परत आत. मी चमचा पुढे केला. भाग्यानं माझ्याकडेही तसंच बघितलं आणि म्हणाली, "ब्याडा."

"बघ! तुला पण!"

शिवलीला अंगणात दुसऱ्या आयांबरोबर बसली होती, तिला हाक मारली. ती आली, मी परत चमचा धरला, परत "ब्याडा". शिवलीला भिंतीला टेकली. मटकन खालीच बसली. आम्ही घाबरलो. ती हसत होती की रडत होती, कळेना.

"ब्याडा म्हणजे नको, टीचर. नको म्हणाली. माजी पोरगी नको म्हणाली!"

त्यानंतर त्या दिवशी आमच्या केंद्रात काय चाललं होतं म्हणून सांगू! प्रत्येकजण येऊन भाग्याला काही ना काही देऊ करत होतं. बिस्कीट? ब्याडा. खडू? ब्याडा. झाडू? ब्याडा. मोठ्या मॅडमनी त्यांचा चष्मा काढून पुढे केला. तोही ब्याडा! दुपारी बसवराज कारखान्यातनं तसाच, अंगाला कापूस चिकटलेला, सायकल मारत आला. दारातच उभा राहून म्हणाला, "पुट्टी, अप्पा पायजे?" अप्पा म्हणजे बाबा.

ती त्याच्याकडे बघत राहिली. ब्याडा म्हणाली तर ह्या माणसाचं काय होईल!

तिनं जाऊन त्याचा पाय धरला.

*

दिवाळी जवळ आली. कागद नव्हता. ट्रस्टच्या ऑफिसातले भाऊसाहेब रोज विचारायचे. शेवटी पुण्याहून महिन्यातून एकदा येणाऱ्या डॉक्टर बाईंची वेळ मिळाली.

डॉक्टर बाईंनी ठोकळे मांडले, चित्रं दाखवली. भाग्यानं त्यातलं एकही केलं नाही. ती बाईंची पर्स उघडून आतला कंगवा बाहेर काढून बसली. मी मनात म्हटलं, मेलो. तर बाईंनी ठोकळे बाजूला सारले, फतकल मारून तिच्यासमोर बसल्या आणि केस मोकळे सोडले. भाग्या त्यांचे केस विंचरायला लागली. बाई विंचरून घेत होत्या आणि एकीकडे आम्हाला प्रश्न विचारत होत्या. मधूनच कंगवा लपवायच्या, ती शोधायची. असं सगळी सकाळ चाललं. बाई वाकडा भांग घेऊन बाहेर आल्या आणि कागद लिहिला. विकासात उशीर आहे, कारण आज निश्चित सांगता येत नाही, पण विशेष शिक्षणानं फायदा होतोय, ते अजिबात थांबवू नये.

शिवलीलानं विचारलं, "म्हणजे नाव न्हाय?"

"नाव पुढे कधी कळेल, कदाचित कळणारही नाही," बाई म्हणाल्या. "तोवर पोरीनं थांबायचं का?"

कागद भाऊसाहेबांकडे गेला. त्यांनी उलटसुलट वाचला. "मॅडम, आजाराच्या रकान्यात काय लिहू? निश्चित नाही, हे काय आजाराचं नाव झालं का?"

मोठ्या मॅडम म्हणाल्या, "भाऊसाहेब, आमची दुसऱ्या खोलीच्या पंख्याची फाईल गेल्या उन्हाळ्यापासून तुमच्याकडे पडून आहे. तिला कुठला आजार झालाय, ते निश्चित झालं का?"

भाऊसाहेबांनी शिक्का मारला. आणि काय सांगता, आठवड्यानं पंखाही आला!

*

ह्यानंतरचा एक छोटासा. शिवलीला भाग्याला घेऊन रिक्षात बसली होती. भाग्या लूमचा आवाज तोंडानं काढत डुलत होती. शेजारी बसलेली बाई बराच वेळ बघत होती. शेवटी तिनं तो आवाज काढला, हळहळण्याचा, तो सगळ्या आयांना ओळखता येतो. "च्च् च्च्! काय झालंय वो पोरीला?"

हीच शिवलीला जूनमध्ये असल्या प्रश्नाला रिक्षातनं मधेच उतरायची आणि चालत यायची.

आता म्हणाली, "ॲडमिशन झालीय!"

*

आणि आता शेवटचा. हा सांगताना सबिहा अजून उभी राहते, बसून सांगताच येत नाही तिला.

जानेवारीतला रविवार. सकाळी माझा फोन वाजला. शिवलीला. धाप लागलेली.

"टीचर, पुट्टी खोटं बोलली!"

"काय?"

घरात कप फुटला होता. शिवलीला आवाज ऐकून आत गेली, तर खाली तुकडे, चहाचं तळं आणि मधे भाग्या, कपाचा कान हातात धरून. शिवलीलानं विचारलं, "कुणी फोडला गं?" भाग्यानं हातातल्या कानाकडे बघितलं. आईकडे बघितलं. मग तो हात हळूच पाठीमागे नेला आणि म्हणाली, "अज्जा."

अज्जा दुधनीला होते!

मी सबिहाला फोनवर जोडून घेतलं. सगळं ऐकून ती अशी किंचाळली, की तिच्या घरातलं कोणीतरी "क्या हुआ, क्या हुआ" करत धावत आलेलं मला ऐकू आलं.

"खोटं बोलली! अगं, समोरच्याला ठाऊक नाहीये, हे कळल्याशिवाय खोटं बोलता येतं का! शिवलीला, रागावू नकोस तिला! पेढे आण! नाही, मी आणते पेढे!"

"पण टीचर, खोटं बोलणं वंगाळच की," शिवलीला म्हणाली. "मी काय म्हणू तिला?"

तेवढ्यात मागून बसवराज म्हणाला, "थांबा, ज्याचं नाव घेतलंय त्यालाच विचारू." आणि त्यानं आपल्या मोबाईलवरनं दुधनीला फोन लावून स्पीकरवर टाकला. आम्ही इकडनं कान लावून.

"अप्पा, घरातला कप फुटलाय. पुट्टी म्हणती तुमी फोडलात."

पलीकडे दुकानातली गडबड ऐकू येत होती. कोणीतरी साखर मागत होतं. मग अज्जांचा तो खिडकी थरथरवणारा आवाज आला.

"व्हय! मीच फोडलो! तिला कोण काय बोलंल तर बगा!"